शीग लावून

मी माझ्या मुलाला कुरआन शिकवताना मारलं आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण ते मागे ठेवून शेजारच्या खालांबद्दल लिहिलं तर त्यांचं माझ्यावर किती ऋण आहे, हे मलाच नीट सांगता येणार नाही.

२०२० चा मार्च संपत आला होता. टाळेबंदी लागली होती, मशिदीतला मकतब, म्हणजे मुलांचा कुरआनचा वर्ग, बंद झाला होता आणि आठ वर्षांच्या थोरल्याचा सबक, रोजचा धडा, माझ्याकडे आला होता. ‘ऐन’ हे अक्षर त्याला जमत नव्हतं. घशाच्या मधून यायचा तो आवाज तो साधा ‘अ’ म्हणून काढायचा. पाच वेळा सांगितलं, सहाव्यांदा माझा हात उठला. पुस्तक ठेवायची रेहल कलंडली. गालावर बोटं उमटलेली असताना त्या पोरानं दोन्ही हात पुढे करून कायदा, म्हणजे अरबी अक्षरांचं पहिलं पुस्तक, जमिनीवर पडू दिला नाही, छातीशी धरला आणि मग रडला. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मी स्वतः अशीच शिकले होते. मंडणगड तालुक्यातल्या खाडीकाठी आमचा मोहल्ला. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई पंथाचे. घरात कोकणी बोलायची, शाळेत मराठी. अरबीशी संबंध फक्त मकतबात. तिथे पहाटे जायचं, आधी नूरानी कायदा, मग कुरआनचा एकेक सिपारा. दहाव्या वर्षी माझे तीसही सिपारे वाचून झाले. घरी खतम झाला, नवा पांढरा दुपट्टा मिळाला, गल्लीत बताशे वाटले. पोरीनं कुरआन पुरा केला, असं सगळे म्हणाले. आत काय लिहिलंय, हे मला कुणी विचारलं नाही आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. उस्तादांची छडी मात्र आठवते. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलं असणार.

पण माझी चूक त्यांच्या चुकीहून मोठी होती, कारण मला दुसरी रीत ठाऊक होती. मी डी.एड. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवणारी. २०१५ नंतर आमच्या शाळांत ज्ञानरचनावादाचं वारं आलं. मण्यांच्या माळा, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, फरशीवर आखलेली अक्षरं, हे सगळं मी मनापासून केलं. मूल हातानं शिकतं, हे मी पालकसभेत सांगत असे. घरी मात्र तीच मी रेहलीसमोर छडी घेऊन बसत असे. शाळेतलं शिकवणं आणि दीनचं, म्हणजे धर्माचं शिकवणं या माझ्या मनात दोन वेगळ्या खोल्या होत्या. दीन धाकानंच उतरतो, अशी माझी समजूत होती. शिवाय शेजारच्या मुलांचे खतम सातव्या-आठव्या वर्षी होत होते आणि कुवेतहून यांचा फोन आला की पहिला प्रश्न असायचा, “सबक कुठवर आला?”

त्या संध्याकाळी खाला आमच्या पडवीत आल्या. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांनी सगळं ऐकलं असणार, पण त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सूप पुढे करून म्हणाल्या, “गो, तुझा पोरगा जरा देशील? कुळीथ निवडायचे हायत. माझ्या डोळ्यांना आता खडा दिसत नाय.”

तो गेला. मी दाराआडून पाहत होते. खालांनी त्याला अर्धा तास खरोखरच कुळीथ निवडू दिले. मग ताटात पीठ पसरून त्यात बोटानं होडीसारखी एक रेघ काढली आणि म्हणाल्या, “ह्या होडीच्या खाली एक कुळीथ ठेव बघू.” झाला ‘बे’. वर दोन ठेवले, झाला ‘ते’. वर तीन, ‘से’. पोरगा आपणहून पुढचं मागू लागला. ‘जीम’च्या पोटात एक दाणा, ‘हे’चं पोट रिकामं, ‘खे’च्या डोक्यावर एक. दोन वर्षं कायदा चाळूनही जी अक्षरं तो एकमेकांत मिसळायचा, ती त्या दिवशी एका ताटात वेगळी झाली.

खालांची शाळा चौथीपर्यंतची. नवरा बोटीवर होता, लवकर गेला. मुलगा-सून मुंबईला. त्यांच्याकडे अभ्यासक्रम नव्हता, तक्ते नव्हते. घरात जे असेल ते त्या हाताशी घेत. भाकरीच्या उकडीतून उरलेला गोळा पोरांना देत आणि त्याची अक्षरं करवून घेत. पण त्यालाही हद्द होती आणि ती त्या काटेकोर पाळत. पिठात फक्त सुटी अक्षरं करायची, आयत, म्हणजे कुरआनमधलं वचन, लिहायची नाही. पायाखाली येईल अशा जागी काही लिहायचं नाही. कुरआनला हात लावण्याआधी हातपाय-तोंड धुऊन वजू, आणि वाचून झालं की जुजदानात, त्याच्या कापडी वेष्टनात, बांधून वरच्या फळीवर. सूरह फील, म्हणजे कुरआनमधला हत्तीचा अध्याय, शिकताना माझ्या धाकट्या मुलीला मातीचा हत्ती करायचा होता. जिवंत प्राण्याच्या मूर्ती करण्याबद्दल आपल्याकडे हरकत आहे, हे समजावून त्यांनी तिला त्या सूरहमधले भाजक्या मातीचे खडे करायला लावले. मुलांनी बोटाएवढ्या गोळ्या वळल्या, चुलीच्या राखेत भाजल्या आणि हत्तीवाल्या लष्कराची गोष्ट त्या गोळ्या तळहातावर घेऊनच ऐकली. पाच आयतींची सूरह, दोघांनाही तीन दिवसांत पाठ झाली.

उच्चारांचं काम त्यांनी कसं केलं, ते सांगायलाच हवं, कारण तिथे मी शिकवणारी न राहता शिकणारी झाले. ‘ग़ैन’साठी त्यांनी मुलांना वजूच्या वेळी गुळणी करायला लावली. पाणी जिथे खळखळतं तिथून तो आवाज येतो. खोल ‘हे’साठी हातात लहान आरसा दिला. चष्मा पुसण्याआधी त्यावर वाफ सोडतो तसा श्वास, आरसा धुरकट झाला पाहिजे. ज्या ‘ऐन’वरून मी मारलं होतं, त्यासाठी त्यांनी थोरल्याचं बोट त्याच्याच गळ्यावर ठेवलं आणि आवाज कुठे हलतो ते त्याला शोधू दिलं. शोधायला त्याला आठवडा लागला. खालांना घाई नव्हती. अडखळत वाचणाऱ्याला दुप्पट सवाब, दुप्पट पुण्य आहे, हे हदीसमधलं आश्वासन त्या त्याला रोज सांगत. मी ते लहानपणापासून ऐकत आले होते. माझ्या मुलाला मात्र एकदाही सांगितलं नव्हतं.

एके दिवशी त्या मुलांना दोन ‘काफ’ समजावत होत्या. एक जिभेच्या मुळापासूनचा जाड क़ाफ, दुसरा त्याच्या थोडा पुढचा पातळ काफ. पहिल्यानं म्हटलं तर क़ल्ब, म्हणजे काळीज. दुसऱ्यानं म्हटलं तर कल्ब, म्हणजे कुत्रा. सूरह इख्लासची सुरुवात ‘क़ुल’ या शब्दानं होते, म्हणजे ‘सांग’. तिथे पातळ काफ लावला तर त्याचा अर्थ होतो ‘खा’. मी ओट्याशी भाजी चिरत होते. माझी सुरी थांबली. तीस वर्षं दर नमाजात मी तो पातळ काफच लावत आले होते. रात्री मुलं झोपल्यावर मी खालांकडे गेले आणि म्हटलं, “खाला, मला पण शिकवा.” त्यांनी माझ्याही हातात तोच आरसा दिला.

अर्थाच्या बाबतीतही तसंच झालं. खालांना अरबी येत नव्हती. त्यांच्याकडे कुरआनचं मराठी भाषांतर होतं, पानं मऊ पडलेलं. बोटानं ओळ धरून त्या सावकाश वाचत, अडलं की वहीत लिहून ठेवत आणि भाच्याकरवी मौलानांना विचारत. उत्तर येईपर्यंत तो भाग मुलांना सांगत नसत. विनोबांनी अरबी शिकून कुरआनचा अभ्यास केला आणि ‘कुराणसार’ तयार केला, हे मी दरवर्षी विनोबा जयंतीला शाळेत सांगत आले होते. माझ्या स्वतःच्या फळीवरचा कुरआन काय सांगतो, ते मला चौथी शिकलेल्या बाईच्या मराठी वाचनातून कळू लागलं.

रमजान त्या वर्षी घरातच गेला. सूरह फलक़ आणि सूरह नास त्या महिन्यात झाल्या. फलक़च्या पाचही आयतींच्या शेवटी असं अक्षर येतं की थांबताना त्याचा आवाज किंचित उसळतो, तजवीदमध्ये, म्हणजे कुरआनच्या उच्चारशास्त्रात, त्याला क़लक़ला म्हणतात. खालांनी मुलांना रबरी चेंडू दिला. आयत संपली की एक टप्पा. नासमध्ये सगळ्या आयती ‘स’वर संपतात. तिथे त्यांनी एकमेकांच्या कानात कुजबुजायला सांगितलं, कारण त्या सूरहमध्ये मनात कुजबुजणाऱ्यापासूनच आश्रय मागितला आहे. मुलांना हा खेळ वाटला. मला मात्र इतकी वर्षं ओठांवर असलेली सूरह पहिल्यांदा ऐकू आली.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्याकडे आंबा, काजू, नारळ, सुपारी, डोळ्यांदेखत आडवं झालं. कौलं उडाली, खांब पडले, वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या काकू आमच्या दारात आल्या. त्यांचा मुलगा मुंबईला, त्याला आई जिवंत आहे एवढं कळवायचं होतं. लांब टेकाडावर गेलं की थोडी रेंज मिळत होती, पण मोबाइल बंद पडला होता. आमच्या इन्व्हर्टरमध्ये थोडा चार्ज उरला होता. मला यांच्या फोनची वाट पाहायची होती. मी काकूंना सांगितलं, “इन्व्हर्टर संपला.” त्या गेल्या. धाकटी तिथेच उभी होती.

आठेक दिवसांनी, छपरावर ताडपत्री पडल्यावर, खालांनी पुन्हा मुलांना बसवलं. सूरह माऊन घेतली. सात आयती. अनाथाला धुडकावणारा, गरिबाला जेवू घालायला न सांगणारा, नमाजात गाफील असणारा, दिखाव्यासाठी करणारा, आणि शेवटी माऊन नाकारणारा, अशांची ती सूरह आहे. माऊन म्हणजे काय, हे खालांनी सांगितलं नाही. पाच वर्षांच्या धाकटीला म्हणाल्या, “घरात फिर, आनि शेजारनीनं मागितली तर देता येईल अशी एकेक वस्तू मला सांग.” ती घरभर फिरली. किसणी, कोयती, घागर, शिडी, सुई-दोरा, मीठ, खोरं. थोरल्यानं ते सगळं वहीत लिहिलं. मग खाला म्हणाल्या, “हेच माऊन. देऊन आपलं काय कमी होत नाय, तरी माणूस नाय म्हणतो, ते.” धाकटी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “चार्जिंग पण लिही.”

खालांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला कदाचित राग येऊन सुटका झाली असती. मी उठून मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं. ती सूरह मला पाठ होती. नमाजात लहान सूरह म्हणून मी ती हजारदा वाचली असेन. काकूंना दारातून परत पाठवलं त्या दिवशीही कदाचित वाचली असेल. त्या संध्याकाळी चिखल तुडवत वाडीत गेले आणि काकूंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगो, लेकाला निरोप पोचला दुसऱ्याच्या फोनवरनं.” आणि मला चहा दिला. मला तो गिळवत नव्हता. घरी येऊन मी छडी चुलीत घातली.

खालांच्या पाठांपैकी एकाला तब्बल पाच महिने लागले, आणि तोच मला सर्वांत जवळचा आहे. सूरह बकराहमध्ये, २८६ आयतींच्या त्या सर्वांत मोठ्या सूरहमध्ये, अल्लाहच्या वाटेत खर्च करणाऱ्यांसाठी एका दाण्याचा दाखला दिला आहे. एका दाण्यातून सात कणसं आणि प्रत्येक कणसात शंभर दाणे. जूनमध्ये आमचा तरवा पेरायची वेळ होती. खालांनी थोरल्याच्या तळहातावर भाताचा एकच दाणा ठेवला आणि म्हणाल्या, “हा तुझा.” एका फुटक्या मडक्यात माती भरून त्यानं तो टाकला. रोज बघायचा. हिरवी टोचणी वर आली तेव्हा फजरच्या, पहाटेच्या नमाजाआधी मला उठवून दाखवायला घेऊन गेला. लावणीच्या दिवसांत त्यानं ते एकटं रोप शेताच्या कोपऱ्यात लावलं, भोवती चार काठ्या रोवल्या. श्रावणात त्याला फुटवे आले. एका काडीच्या नऊ काड्या झाल्या.

ऑक्टोबरात लोंब्या पिकल्या. त्यानं त्या कापून खालांच्या पडवीत चादरीवर अंथरल्या आणि मोजायला बसला. एकीत ८४, एकीत ११३, एकीत ६१. पोचट दाणे वेगळे काढायचे की नाही, यावर बहीण-भावांचं भांडण झालं. सगळी बेरीज सातशेच्या पुढे गेली. पण तो खूश नव्हता. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “खाला, सात नाहीत, नऊ आहेत. आणि शंभरची एकपण नाही. मग कुरआनात तसं का?”

मी असते तर घाबरून गेले असते, किंवा असं विचारू नये म्हणून गप्प केलं असतं. मला लहानपणी तसंच केलं होतं. खाला म्हणाल्या, “वाच पुढं. आयत अजून संपली नाय.” त्याच आयतीत पुढे आहे की अल्लाह ज्याला हवं त्याला आणखी वाढवून देतो. ते वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आता सांग, ही गोष्ट भाताची हाय की देनाऱ्याची?” तो बराच वेळ लोंब्यांकडे पाहत राहिला. “देणाऱ्याची,” म्हणाला. “मग अजून तू काय दिलंस?”

त्यानं रात्रभर विचार केला असावा. सकाळी तो मूठभर भात घेऊन वाडीत गेला आणि काकूंना म्हणाला, हे तुमच्या पुढल्या वर्षीच्या बियाण्यात टाका. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वादळानंतर मी काकूंकडे का गेले होते, हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं, मी आजवर विचारलेलं नाही.

याच दिवसांत खालांनी त्यांचा पितळी शेर आमच्याकडे दिला. सूरह मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांबद्दल आहे. घेताना पुरेपूर घेणारे, देताना कमी भरणारे. ते समजायला मुलांना तांदूळ मापायचे होते. एकदा सपाट मापायचं, एकदा शीग लावून, आणि फरक ताटात ओतून बघायचा. खाला म्हणाल्या, “घेताना सपाट, देताना शीग. पोरांना ही सवय हाताला लागू दे.” शेर परत न्यायला त्या आल्या नाहीत, मीही द्यायला गेले नाही. रोज जाणं-येणं होतं, म्हणून राहिला.

मकतब पुन्हा सुरू झाला. थोरल्याचा खतम अकराव्या वर्षी झाला, मोहल्ल्यात सर्वांत उशिरा. मला त्याची खंत वाटली नाही, हे सांगताना मी किती बदलले होते ते मलाच जाणवतं. शाळेतल्या मुलांशीही मी आता वेगळी वागते. एखादं मूल अडखळलं की त्याचं बोट त्याच्याच गळ्यावर ठेवते. हे मी प्रशिक्षणात शिकले नाही.

खाला दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गेल्या. दोनच दिवसांचा ताप. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून सूरह यासीन वाचत होते. एका ठिकाणी माझा क़ाफ पातळ गेला. डोळे मिटलेले असताना त्यांनी हात उचलून आपल्या गळ्याला बोट लावलं. मी ती आयत पुन्हा वाचली. मयतीला मुंबईहून सून आली, तेव्हा मी शेर तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, “राहू दे तुमच्याकडेच. मुलांना माप लागतं ना?”

ईदच्या आदल्या दिवशी गरिबांसाठी फितरा काढायचा असतो. आम्ही शाफई लोक तो धान्यात देतो, म्हणजे आमच्याकडे तांदळात, घरातल्या प्रत्येक डोईमागे एक सा, हे धान्याचं जुनं माप. या वर्षी मापायचं काम धाकटीनं मागून घेतलं. सुपात तांदूळ, हातात खालांचा शेर. अब्बांचे झाले, माझे, भावाचे, तिचे स्वतःचे. मग तिनं विचारलं, “अम्मी, खालाचा?” मी सांगितलं की गेलेल्या माणसावर फितरा नसतो. त्यांच्या नावानं सदका, म्हणजे दान, मात्र देता येतं.

तिनं शेर पुन्हा तांदळात बुडवला. वर हातानं थापलं नाही, तळहातानं पुसलं नाही. सांडतील तेवढे सांडू दिले, शीग लावली, आणि वेगळ्या पिशवीत ओतलं.